काकांचा प्रश्न आणि बाटलीतल्या माश्या

मी ज्या माश्यांवर एम.एस्सी.चा प्रकल्प केला, त्यांच्याविषयी घरी बोलताना ‘जात’ हा शब्द मी टाळते. ‘वाण’ म्हणते. अमडापुरात तो सगळ्यांना कळतो. सोयाबीनचं असतं तसंच माशीचं वाण. ही आंब्याला कीड लावणारी फळमाशी नव्हे बरं का. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारं बारीक चिलट, ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर.

तर, या माशीच्या दोन वाणांचा संकर केला तर कधीकधी वांझ पिल्लं निघतात, हे मी एकदा घरी सांगितलं होतं. थोरल्या काकांनी ते बरोबर लक्षात ठेवलं. त्यांच्या मुलानं दोन वर्षांपूर्वी जातीबाहेर लग्न केलंय आणि अजून मूल नाही. दिवाळीत ओसरीवर चार माणसं बसलेली, वहिनी चहा देत होती, आणि काका म्हणाले, “तुह्या माश्याईत असंच होते ना वं? मंग शास्त्रच हाय ते.”

वहिनी ट्रे घेऊन आत गेली.

गोष्ट काय आहे ती नीट सांगते. आईकडून आणि बापाकडून आलेली गुणसूत्रं पुढच्या पिढीत जाण्याआधी आपसांत तुकडे बदलतात. यालाच पुनर्संयोग म्हणतात. या माशीच्या नरात मात्र ही अदलाबदल होतच नाही. मॉर्गन यांनी १९१२ सालीच ते नोंदवलं होतं आणि पुढची कित्येक दशकं हा नियम पक्का मानला गेला. मग १९७१ मध्ये युइचिरो हिराइझुमी यांनी टेक्सासमधल्या रानटी माश्यांपासून आलेल्या नरांमध्ये पुनर्संयोग दाखवला.

त्यामागे होता डीएनएचा एक उडाणटप्पू तुकडा, पी-घटक. जेमतेम २,९०७ अक्षरांचा. तो एका जागेवरून स्वतःला कापून काढतो आणि दुसरीकडे जाऊन बसतो. मागे राहिलेली चीर पेशी सांधते, आणि या उड्यांच्या गडबडीत नरातही तुकड्यांची अदलाबदल होऊन जाते. चिरा फार पडल्या, त्यातून २९ अंशांची ऊब मिळाली, की पिल्लांच्या जननग्रंथी नीट वाढतच नाहीत. काकांना आठवत होता तो वांझपणा हा.

पण हे घडतं फक्त रानातला नर आणि प्रयोगशाळेतली मादी यांच्या संकरात. उलट केलं, मादी रानातली आणि नर बाटलीतला, तर पिल्लं धडधाकट. कारण रानातली आई अंड्यातून बारीक आरएनए देते आणि ते पी-घटकाला आवरतात. बाटलीतल्या आईकडे ते नसतात. तिचे पूर्वज पी-घटक पसरण्याआधीच पकडून बाटलीत ठेवलेले. हा तुकडा विसाव्या शतकात ड्रॉसोफिला विलिस्टोनी या वेगळ्याच प्रजातीतून आला आणि काही दशकांत जगभरच्या रानटी माश्यांमध्ये पसरला. म्हणजे दोन्ही वाणं एकाच प्रजातीची. ‘शुद्ध’ राहिली ती फक्त बाटलीतली, आणि नाजूकही तीच.

काकांना मी एवढंच म्हटलं, की माणसाच्या जातींत असला काही फरक नसतो, आणि दवाखान्यात जायचंच तर दोघांनी जावं, आधी दादानं. काका गप्प झाले. आतून काकू म्हणाली, “मी कवाचं म्हनू राह्यले.” वहिनीला वर्षभरात तीन डॉक्टर दाखवून झालेत, दादाची एकही तपासणी झालेली नाही. राग मला माश्यांच्या चुकीच्या दाखल्यापेक्षा याचा जास्त आला.

ओसरीवर सांगायचं राहिलं ते वेगळंच. उड्या मारणारे असे तुकडे अनेक प्रकारचे असतात. पेशी त्यांना गप्प करते तेव्हा तिथला डीएनए घट्ट गुंडाळला जातो, आणि ती घट्टी शेजारच्या जनुकांपर्यंतही पसरू शकते. मग तिथला पुनर्संयोग कमी होतो. जिथं पुनर्संयोग कमी तिथून हे तुकडे सहजी निघत नाहीत, साचत जातात. म्हणजे मोकळा सुटला तर नरातही अदलाबदल घडवणारा, आणि बांधून ठेवला तर आसपासची अदलाबदल रोखणारा. पी-घटक तर एवढ्यावर थांबलेला नाही. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो ड्रॉसोफिला सिम्युलन्स या भावकीतल्या प्रजातीतही शिरला, आणि तिथं त्याला आवरायचं काम नव्यानं सुरू झालं.