थकबाकी त्यांची, जामीनदार आमचे

क्रिकेटवाल्यांना सरकार कर्ज देत नाही, मग हिशेब कसला मागता, असा प्रश्न मला एका शिबिरात विचारला गेला. प्रश्न विचारणारा आपल्याच चळवळीतला, शिकलेला तरुण होता. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आयपीएलच्या सामन्यांना मुंबई पोलिसांचा बंदोबस्त लागतो. तो फुकट नाही, त्याचं शुल्क ठरलेलं आहे. माहिती अधिकार कार्यकर्ते अनिल गलगली यांनी ही थकबाकी बाहेर काढली: मुंबई क्रिकेट असोसिएशनकडे १४ कोटी ८२ लाख रुपये. आता वर्षानुवर्षं वसूल न केलेलं बिल म्हणजे काय? माझ्या मते ते बिनव्याजी कर्जच. फक्त त्याला अर्ज नाही, तारण नाही, जामीनदार नाही आणि हप्त्याची तारीखही नाही.

पुढे जून २०२३ मध्ये शासनाने निर्णय काढला. टी-ट्वेंटी सामन्याचं सुमारे ७० लाखांचं शुल्क १० लाखांवर आणलं आणि तेही २०११ पासून, म्हणजे मागच्या तारखेने. कोणी म्हणेल, इतर राज्यांत दर कमी आहेत. असतील. मग पुढच्या सामन्यापासून कमी करा ना! झालेल्या सामन्यांचं बिल कमी करणं याला दरकपात म्हणत नाहीत, कर्जमाफी म्हणतात. आणि ही माफी कुणाला? ज्या आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रसारण हक्क ४८,३९० कोटींना विकले गेले, तिच्या सामन्यांना. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सुनावणीत सरकारला हेच सुनावलं, की झोपडपट्टीतल्या माणसाची पाणीपट्टी वाढवता आणि श्रीमंत क्रिकेट संघटनेला सूट देता.

आता आमच्या गोंडपिपरीकडे या. इथला एक बौद्ध मुलगा, वय सव्वीस. त्याला सेंट्रिंगच्या प्लेटा घेऊन भाड्याने द्यायच्या होत्या. घरकुलांची कामं चालू असतात, धंदा चालण्यासारखा आहे. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ मध्ये अशाच लोकांसाठी निघालं. त्याच्या बीजभांडवल योजनेत महामंडळ २० टक्के देतं, बँक ७५ टक्के आणि ५ टक्के अर्जदाराने घालायचे. कागदावर योजना चांगली आहे, मी तिच्याविरुद्ध नाही. पण जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, कोटेशन, दोन जामीनदार. पगारदार जामीनदार मिळावा म्हणून हा पोरगा धाब्यापासून चंद्रपूरपर्यंत नातेवाइकांच्या दारात उभा राहिला. शेवटी एका मास्तर मामाने सही केली. मग बँकेने नो ड्यूज मागितलं. बापाच्या नावावर धानाचं पीककर्ज थकलेलं. बाप वारला आहे, पण थकबाकी जिवंत! फाइल परत.

मी त्या बँकेचं नाव घेत नाही, कारण हे एका बँकेचं दुखणं नाही. पब्लिकचा पैसा जपून दिला पाहिजे हे मलाही मान्य आहे. माझा प्रश्न एवढाच की ही सगळी काळजी सेंट्रिंगच्या प्लेटांपाशीच का जागी होते? १४ कोटी ८२ लाखांत एक-एक लाखाची १,४८२ कर्जं बसतात.

बाहेरच्या देशांत सगळं आलबेल आहे असंही नाही. कोरोनाकाळात ब्रिटनने खेळांसाठी ३० कोटी पौंडांचं पॅकेज आणलं, बराचसा भाग कर्जरूपाने. कर्ज घेतलेले वूस्टर, वास्प्स आणि लंडन आयरिश हे रग्बी क्लब २०२२-२३ मध्ये बुडाले. पण तिथे संसदेच्या लोकलेखा समितीने त्या खात्याला समोर बसवून विचारलं, की हा पैसा परत कसा येणार. आपल्याकडे विचारायचं कुणी? क्रिकेट मंडळ म्हणतं, आम्ही सरकारी अनुदान घेत नाही. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यातही माहिती अधिकाराची कक्षा सरकारी अनुदान वा अर्थसाहाय्य घेणाऱ्यांपुरतीच राहिली. मग पोलिसांचं बिल माफ करून घेणं हे अर्थसाहाय्य नाही का? इथेच खरी मेख आहे आणि वकिली शिकणाऱ्या आपल्या पोरांनी ती धरली पाहिजे.

बाबासाहेबांनी १९४९ मध्ये संविधान सभेत महालेखापरीक्षकाला राज्यघटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटलं होतं. जयंतीच्या भाषणात आपण हे कधी सांगत नाही. आरक्षण आणि हिंदू कोड बिल सांगतो, लेखापरीक्षण सांगत नाही. रुपयाचा प्रश्न अभ्यासलेल्या माणसाचे अनुयायी हिशेबाला कंटाळतात, हे मला खटकतं.

आणि क्रिकेटशी आपलं वैर नाही. पळवणकर बाळू १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आले, त्याच बाळूंना सुरुवातीच्या काळात चहा वेगळ्या भांड्यात मिळायचा. मैदानावर आपला घाम आधीपासून आहे, तिजोरीतला हिशेब तेवढा दुसऱ्यांच्या हातात आहे.

तर आम्ही काही जण गृह विभागाला माहिती अधिकारात अर्ज टाकतो आहोत. २०११ पासून मुंबई, पुणे आणि नागपूरच्या जामठा मैदानावरील सामन्यांचं बंदोबस्त शुल्क किती आकारलं, किती आलं, किती कमी केलं आणि कमी करण्याची मागणी करणारी पत्रं कुणाची होती, त्यांच्या प्रती. आपापल्या तालुक्यातून असाच अर्ज टाकायचा असेल तर नमुना मागून घ्या. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. जामीनदार लागत नाही.

जय भीम!