मेंदूतले पोटॅशियम आणि माळावरचा लाल विंचू

चेतापेशीने संदेश पाठवला की तिच्यातून थोडे पोटॅशियम बाहेर पडते. पेशीच्या आत ते सुमारे १४० मिलिमोलर असते, बाहेरच्या द्रवात जेमतेम ३. दोन पेशींमधली फट इतकी अरुंद की संदेशांची सरबत्ती सुरू झाली की बाहेरची पातळी लगेच चढते. ती चढलेलीच राहिली, तर शेजारच्या चेतापेशीही विनाकारण चाळवतात आणि फिट येण्याला पोषक स्थिती तयार होते. निरोगी मेंदूत मात्र ऐन कामाच्या धामधुमीतही ती साधारण १०-१२ मिलिमोलरच्या पुढे जात नाही. हा आवर घालतात त्या ग्लिया पेशी, विशेषतः ॲस्ट्रोसाइट. पाठ्यपुस्तके त्यांना ‘आधार देणाऱ्या पेशी’ म्हणून एका ओळीत उरकतात, हा त्यांच्यावर अन्यायच आहे.

१९६६ मध्ये स्टीफन कुफ्लर, जॉन निकोल्स आणि रिचर्ड ऑर्कंड यांनी मडपपी या उभयचर प्राण्याच्या दृष्टिचेतेतल्या ग्लिया पेशींचे व्होल्टेज मोजले. ते उणे ९० मिलिव्होल्टच्या आसपास भरले आणि बाहेरचे पोटॅशियम वाढवले की त्याच हिशेबाने बदलत गेले. म्हणजे या पेशीचे आवरण जवळजवळ फक्त पोटॅशियमलाच वाट देते. त्यावरून त्यांनी मांडले की जिथे पोटॅशियम साचते तिथे ते ग्लियात शिरते आणि जिथे कमी असते तिथे बाहेर पडते. शेतात तुंबलेले पाणी चर काढून ओढ्याला सोडावे, तसे. ॲस्ट्रोसाइट एकमेकींना सूक्ष्म जोडमार्गांनी जोडलेल्या असल्याने हा चर लांबवर जातो. अर्थात सगळे श्रेय आवरणातल्या या वाटांना, म्हणजे चॅनलना, देऊ नये. सोडियम-पोटॅशियम पंपही या उपशाचा मोठा वाटा उचलतो.

या कामातला मुख्य चॅनल म्हणजे केआयआर ४.१. त्याची ओळख पटते ती काचेच्या पिपेटच्या टोकाशी. मेंदूचा सुमारे ३०० मायक्रॉन जाडीचा काप ऑक्सिजन खेळवलेल्या द्रवात ठेवतात. पिपेटमधून हलका दाब देत पेशीजवळ जायचे, पृष्ठभागावर खळगा दिसला की दाब सोडायचा, आवरण काचेला घट्ट चिकटू द्यायचे आणि मग किंचित ओढ देऊन ते फोडायचे. पेशी ॲस्ट्रोसाइट असेल तर व्होल्टेज उणे ८०च्या आसपास दिसते आणि कितीही विद्युतप्रवाह दिला तरी संदेश उमटत नाही. आलेख सरळ रेषेत चढतो. नवख्याला वाटते, पेशी मेली असावी. द्रवात थोडे बेरियम मिसळले की केआयआर ४.१ बंद पडतो, व्होल्टेज घसरते आणि इतका वेळ हा चॅनल किती उघडा होता ते कळते. मात्र आवरणाचा रोध इतका कमी असतो की दिलेल्या व्होल्टेजचा बराच भाग पिपेटच्या टोकाशीच खर्ची पडतो. त्यामुळे एकट्या ॲस्ट्रोसाइटवरून काढलेल्या आकड्यांवर जाणता माणूस फार विसंबत नाही.

 

रक्तवाहिनीला बिलगलेल्या ॲस्ट्रोसाइटच्या पायाशी बीके नावाचा आणखी एक चॅनल असतो. चेतापेशी कामाला लागल्या की या पायात कॅल्शियम वाढते, बीके उघडतो आणि वाहिनीच्या स्नायूलगत थोडे पोटॅशियम सुटते. त्याने स्नायू सैलावतो आणि त्या भागाला रक्त जास्त मिळते. पोटॅशियम फार झाले, तर मात्र तीच वाहिनी आकसते. मार्क नेल्सन यांच्या प्रयोगशाळेने २००६ मध्ये ही साखळी दाखवली, तेव्हा बीके बंद करायला आयबेरियोटॉक्सिन वापरले होते. ३७ अमिनो आम्लांचे हे विष १९९० मध्ये वेगळे केले गेले ते भारतीय लाल विंचवापासून. शिक्रापूरच्या पुढे शिरूर-दौंडकडे पसरलेल्या कोरडवाहू माळांवर, दगडांखाली आणि बांधांच्या कपारींत राहणारा विंचू तो हाच. त्याचा दंश जीवघेणा ठरतो तो मुख्यतः सोडियम चॅनलवर काम करणाऱ्या दुसऱ्या घटकांमुळे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाने ज्या दंशावर मात केली, तो याच विंचवाचा. प्रयोगशाळेत आता आयबेरियोटॉक्सिन कृत्रिमरीत्या तयार केलेले मिळते, त्यासाठी विंचू धरावे लागत नाहीत.

केआयआर ४.१ बिघडला तर काय होते, हे २००९ मध्ये स्पष्ट झाले. नात्यात लग्न झालेल्या दोन कुटुंबांतल्या पाच मुलांना तान्हेपणापासून फिट, चालताना तोल जाणे, बहिरेपणा आणि मूत्रपिंडातून क्षार वाया जाणे असा त्रास होता. सर्वांच्या केसीएनजे-१० या, केआयआर ४.१ घडवणाऱ्या जनुकात दोष सापडला. आई आणि वडील दोघांकडून सदोष प्रत आली तरच हा आजार होतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल असलेल्या महाराष्ट्रात हे ध्यानात ठेवायला हवे. फिट येणाऱ्या मुलाला ऐकू कमी येत असेल आणि रक्तातले पोटॅशियमही घटलेले असेल, तर डॉक्टरांकडे या जनुकाच्या तपासणीबद्दल जरूर विचारावे. बिघडलेला चॅनल दुरुस्त करणारे औषध अजून नाही. फिटवरची औषधे आणि क्षारांची भरपाई एवढाच आजचा उपचार आहे.