दोन ओळींच्या मधली फट

'डर्टी काऊ' या सुरक्षा-त्रुटीशी संबंधित लिनक्स कर्नेलमधला कोड मी ओळ न् ओळ वाचला, तरी त्यात चूक कुठे आहे ते मला दिसेना. भोपाळला एमपी नगरच्या क्लासमध्ये आतापर्यंत शिकलेल्या प्रत्येक त्रुटीला ठरलेला पत्ता होता. अमुक ओळीत लांबी तपासायची राहिली, तमुक ओळीत मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरली. इथे मात्र बोट ठेवायला जागाच नव्हती.

माझा मावसभाऊ सर्व्हर सांभाळतो. तो म्हणाला, "नुसत्या ओळी नको बघूस गं. एक ओळ संपून दुसरी सुरू होईपर्यंत दुसरं कोण काय करून जातं, ते बघ."

सिराक्यूज विद्यापीठाच्या वेनलियांग डू यांनी विद्यार्थ्यांसाठी तयार केलेल्या 'सीड' प्रयोगांत या त्रुटीचाही प्रयोग आहे. व्हर्च्युअल मशीनवर जुनं उबुंटू टाकून मी तो करून पाहिला. एक फाईल असते, ती वाचता सगळ्यांना येते, पण तिच्यात लिहिता येतं फक्त रूटला, म्हणजे मुख्य प्रशासकाला. आत सहा एक, सहा दोन आणि सहा तीन. आपल्याला साध्या वापरकर्त्याच्या हक्कात दोनांच्या जागी चांदण्या उमटवायच्या.

ही फाईल मेमरीत खाजगी म्हणून उघडली की लिहिताना कर्नेल मूळ पानाला हात लावत नाही, त्याची प्रत काढून देतं. गुंता इथेच आहे. प्रत तयार झाली की हे जुनं कर्नेल लिहिण्याच्या परवानगीची अट सोडून देतं, कारण आता लिहायचं ते प्रतीवरच. मग ते पान पुन्हा शोधतं. तेवढ्यात प्रोग्रामच्या दुसऱ्या थ्रेडने 'ही प्रत मला नको' असं सांगितलं तर प्रत जाते, शोधाला मूळ पान सापडतं आणि लेखन त्याच्यावर होतं. झेरॉक्सवर सही करायला पेन उचलावं आणि तेवढ्यात कोणी झेरॉक्स ओढून घ्यावी, खाली अस्सल सातबारा असावा, तसं. प्रत काढणं बरोबर, टाकून देणं बरोबर, अट सोडणंही एकटं पाहिलं तर बरोबरच.

दोन्ही थ्रेड फिरत ठेवले, थोड्या वेळाने थांबवले, फाईल उघडली. सगळे दोन जागच्या जागी. पुन्हा चालवलं आणि मधोमध सहा चांदण्या! प्रोग्राम तोच, मशीन तेच. मी गोंधळून गेले. कोणता थ्रेड कधी थांबवायचा हे कर्नेलचा शेड्यूलर ठरवतो, त्यामुळे 'चालवून पाहिलं, काही झालं नाही' या वाक्याला इथे काडीची किंमत नाही.

यामुळेच या त्रुटीचा इतिहास मला जास्त अस्वस्थ करतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्येच ही फट बुजवायचा प्रयत्न केला होता. आयबीएमच्या एस-३९० मेनफ्रेमवर अडचणी आल्या म्हणून तो बदल मागे घेतला गेला. २००७ च्या २.६.२२ आवृत्तीपासून पुढची कर्नेलं धोक्यात राहिली, अँड्रॉइड फोनमधलीसुद्धा. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये दुरुस्ती करताना टोरवाल्ड्स यांनीच नोंदवलं, की तेव्हा निव्वळ तात्त्विक असलेली ही दोन थ्रेडमधली शर्यत पुढे घडवून आणणं सोपं झालं. ही त्रुटी हल्ल्यांसाठी वापरली जात असल्याचं फिल ओस्टर यांनी पकडलं, कारण ते सर्व्हरवर येणारी एचटीटीपी वाहतूक नोंदवून ठेवत. ही नोंद नसती तर हल्ल्याचा प्रोग्राम हाती लागला असता का, मला शंका आहे.

२०१६ ची दुरुस्ती छोटी होती. लिहिण्याची अट सोडून देणं तिने थांबवलं. त्याऐवजी प्रत काढल्याची वेगळी खूण ठेवली जाऊ लागली, आणि सापडलेलं पान खरंच लिहिलं गेलेलं, म्हणजे 'डर्टी', आहे का ते तपासलं जाऊ लागलं. ते वाचून मला हायसं वाटलं होतं. पण २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये मोठ्या आकाराच्या पानांच्या बाबतीत तीच तपासणी फसवता येते असं निघालं. प्रत न काढताच पानावर 'डर्टी'ची खूण लागू शकत होती. सध्या मी तोच कोड घेऊन बसले आहे, आणि या वेळी दोन ओळींच्या मधे पेन्सिलीने लिहिते आहे: इथे दुसरा थ्रेड आला तर?