शुक्रवारचा शब्बाथ

प्रिय बाळ,


तुझं पत्र मिळालं. महिन्यातले तुझे बरेचसे रविवार इस्पितळाच्या ड्युटीत जातात. जो मोकळा मिळतो त्यात उपासना, शब्बाथशाळेची मुलं, मग महिला मंडळ. आठवड्याची सुट्टी शुक्रवारी, तर त्या दिवशी धुणं, दळण, बँक. ‘मावशी, मी शब्बाथ मोडतेय का?’ असं विचारलंस. बाळ, तू मोडत नाहीस. तुला तो मिळतच नाही, आणि मला काळजी त्याची वाटते.

रविवारच्या ड्युटीचं ओझं आधी मनातून काढ. लूकच्या तेराव्या अध्यायातली, अठरा वर्षं कंबरेत वाकलेली बाई आठव. सभास्थानाचा अधिकारी म्हणत होता, बरं व्हायला बाकीचे सहा दिवस आहेतच की. प्रभूनं तिला शब्बाथाच्याच दिवशी सरळ उभं केलं होतं. तुझ्या वॉर्डातल्या माणसाला औषध रविवारीही लागतं. दिवसांच्या बाबतीत पौलानंही रोमकरांना मोकळीक दिली आहे. तेव्हा तुझा शब्बाथ खुशाल शुक्रवारी असू दे. उपासना मात्र जमेल त्या रविवारी मंडळीबरोबरच कर. ती एकटीनं उरकायची गोष्ट नाही.

प्रश्न आहे तो शुक्रवार मोकळा कसा राहील याचा. इथे मला अलिबागकडचे बेने इस्राएल यहुदी आठवतात. कोकणात पूर्वी त्यांचा धंदा तेलाच्या घाण्याचा. कित्येक शतकं बाकीच्या यहुदी जगापासून तुटलेले, हिब्रू जवळजवळ विसरलेले, बोली मराठी. पण शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद. लोक त्यांना शनवार तेलीच म्हणू लागले. सोमवारी घाणा थांबवणारे दुसरे तेली ते सोमवार तेली. गिऱ्हाईक आदल्या दिवशीच तेल नेत असणार ना? त्यांचा विसावा नुसता त्यांच्या निग्रहावर उभा नव्हता, तो साऱ्या गावाला ठाऊक होता. तुझा शुक्रवार कुणाला ठाऊक आहे? पाळकसाहेबांना? सासूबाईंना? कुणाला सांगितलेलाच नाहीस, म्हणून जिथे माणूस कमी पडतं तिथे तुला हाक येते.

आपल्या मुंबईत तर रविवार भांडून मिळवावा लागला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या मागण्यांत तो मांडला, आणि मालकांनी तो मान्य करायला १८९० उजाडलं. त्या वर्षीच्या कामगारांच्या मोठ्या सभेत दोन कामकरी बायाही बोलल्या होत्या. त्या बायांबद्दल मला फार आदर वाटतो.

कारण आपल्या घरांतला रविवार बाईच्या जिवावर पाळला जातो. उपासनेहून आल्यावर सगळे टेकतात आणि ती पदर खोचून मटणाच्या रश्शाला लागते. हे मला मान्य नाही. बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाचा पाचवा अध्याय काढून बघ. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, दाराशी आलेला परका, सगळ्यांना विसावा सांगितला आहे. आणि कारण दिलं आहे मिसरातल्या गुलामीचं. ज्यांना कधी सुट्टी नव्हती त्यांना देव सांगतो आहे, की आता तुमच्या हाताखालच्यालाही तसं राबवू नका. म्हणून तुमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या ताईंनाही शुक्रवारी सुट्टी दे, पगार न कापता.

रानात इस्राएल लोकांना मान्ना सहाव्या दिवशी दुप्पट मिळायचा, तशी तू गुरुवारी तयारी कर. भाजी जास्तीची टाक. शुक्रवारी शिळी भाकरी खाल्ली तर काही बिघडत नाही. चहा जावईबापू करतील. त्यांना मी सांगते हवं तर. दळण आणि बँकही त्यांच्याकडे दे.

मग दिवसभर करायचं काय, असं तू विचारशीलच. आधी झोप. एलिया संदेष्टा जीव नकोसा होऊन झुडपाखाली पडला, तेव्हा देवानं त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, दूताकरवी भाकर-पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. बोलणं पुढे, होरेब डोंगरावर. रात्रपाळ्या केलेल्या बाईनं झोपेत घालवलेली सकाळ वाया गेली असं मी कधीच म्हणणार नाही. उठल्यावर एखादं स्तोत्र वाच, मुलांजवळ बस, नाहीतर नुसतीच बस.

या रविवारी पाळकसाहेबांशी बोल. तुझ्या घरी भरणारी शुक्रवारची कॉटेज प्रार्थना दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवा म्हणावं. त्यांना वाईट वाटलं तरी आपला शब्द सोडू नकोस. जड गेलं तर मला कळव, मीच त्यांना लिहीन. गुरुवारी रात्रीच फोन बंद करून ठेव. माझं काही असलं तर मी शनिवारी करीन.

तुझी,
मावशी