दुतोंड्या मारुती आणि वाटाण्याचं रोप

दादासाहेब फाळक्यांना वाटाणाच का सुचला असेल, याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. १९१२ साली लंडनमध्ये विल्यमसन कॅमेरा खरेदी करून ते परतले, तेव्हा ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभं करायचं होतं. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडी थोडी फिल्म फिरवली. पडद्यावर बघता बघता बी फुटलं, वेल चढला आणि पैसे लावणारा माणूस मिळाला. पुढे बिऱ्हाड नाशकात आणल्यावर, १९१५ मध्ये, त्यांनी आगकाड्या फ्रेमगणिक सरकवत ‘आगकाड्यांची मौज’ केला. तो आज बघायला मिळत नाही, याची मला फार हळहळ वाटते.

अ‍ॅनिमेशन शिकणारी मुलं म्हणतात, ‘‘सर, गोष्टच सुचत नाही.’’ गोष्टीचं नंतर बघू, आधी न हलणारं काहीतरी शोधा, असं मी त्यांना सांगतो. कुंडी जागची हलली नाही, कॅमेरा हलला नाही, म्हणून तर रोपाची वाढ दिसली.

नाशिककरांकडे अशी वस्तू आयती आहे. रामकुंडाजवळची, गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती! पूर आला की इथे क्युसेकचा आकडा नंतर, आधी प्रश्न एकच: ‘‘मारुतीच्या कुठवर आलंय?’’ गुडघ्याला, कमरेला, छातीला. या उत्तरावर गावाचा जीव टांगलेला असतो. माझी नवी शॉर्ट फिल्म याच प्रश्नातून निघाली. चौकट एकच, मधोमध मारुती, आणि काठावरून येणारे आवाज.

खरी मेहनत पाण्याची आहे. पुराचं पाणी गढूळ, जड. मूर्तीला धडकलं की वरच्या अंगाला फुगतं, खालच्या अंगाला भोवरा धरतं. सेकंदाला बारा चित्रं काढताना त्या फुगवट्याची रेघ केसभर वर घ्यायची. पाणी चढतंय हे बघणाऱ्याला आपोआप कळतं. संगणकातलं तयार पाणी मी घेत नाही. ते कुठल्याही नदीचं असतं, आमच्या गंगेचं, म्हणजे गोदावरीचं, नसतं.

आता अडलंय ते ओसरण्यापाशी. चढताना सगळं झाकलं जातं. उतरताना पायरी पायरीवर गाळ, फांद्या, कुणाची तरी चप्पल उघडी पडते. या भागाला चढण्याइतकाच वेळ द्यावा, असं माझं मन सांगतं. येत्या पावसाळ्यात वही घेऊन घाटावर बसायचं ठरवलंय.