लॅपटॉप कायम चालू ठेवावा का?

आमच्या वसतिगृहात जवळजवळ प्रत्येकीकडे लॅपटॉप आहे, आणि त्यातले निम्मे कधीच बंद होत नाहीत. वर्गाला जाताना झाकण मिटायचं, आल्यावर उघडायचं. चार्जर भिंतीला कायमचा चिकटलेला. एकीचं म्हणणं, सारखं बंद-चालू केलं की मशीन बिघडतं. दुसरीचं म्हणणं, चोवीस तास चालू ठेवलं तर लवकर मरतं. मी जोयडा तालुक्यातून, अनमोड घाट उतरून गोव्यात शिकायला आलेली. आमच्या गावात हाच प्रश्न जरा वेगळ्या रूपात येतो, म्हणून त्यावर चार शब्द लिहिते.

आमचं गाव जगलबेटच्या बाजूला, जंगलात. पावसाळ्यात तारांवर झाड पडलं की करंट गेला. मग कुठे काय तुटलंय ते शोधत माणसं रानातून येईपर्यंत कधी एक दिवस, कधी दोन. त्यामुळे आमच्या घरचा नियम साधा: लाईट आहे तोवर सगळं चार्जिंगला लावायचं. मोबाईल, बॅटरी (म्हणजे टॉर्च) आणि आता लॅपटॉपसुद्धा. शहरात लोक आळसानं चार्जर लावून ठेवतात, आम्ही भीतीनं.

माझा लॅपटॉप मामेभावाकडून आला. त्याच्याकडे तो तीन वर्षं टेबलावर, सतत प्लगला लावलेला आणि सतत चालू. बाहेरून अगदी नवा दिसायचा. पण प्लग काढला की पंचवीस मिनिटांत मान टाकायचा. बारावीनंतर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. गावात आदल्या रात्रीपासून लाईट नव्हती. मोबाईलला रेंज मिळते त्या टेकाडावर छत्री धरून बसले. नाव, पत्ता, मार्क भरून झाले, कागदपत्रं चढवायला लागले आणि पडदा काळा. बाबांनी मोटरसायकल काढली. भर पावसात जोयड्याला जाऊन एका दुकानात फॉर्म पुरा केला, तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. तो फॉर्म गेला नसता तर मी आज इथं नसते.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचलं, दुरुस्तीवाल्यालाही प्रश्न विचारून भंडावलं. समजलं ते असं. लॅपटॉपची लिथियम-आयन बॅटरी दोन गोष्टींनी लवकर म्हातारी होते: उष्णता आणि सतत शंभर टक्के भरलेलं राहणं. मशीन दिवसरात्र चालू आणि प्लगही लावलेला, म्हणजे दोन्ही एकदम. म्हणजे अडीअडचणीला हाताशी असावी म्हणून जी बॅटरी आपण सदा भरून ठेवतो, तीच अडचणीच्या वेळी दगा देते. बऱ्याच लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोय असते. रोजच्या वापराला तेवढं पुरतं.

‘बंद-चालू केलं की बिघडतं’ हेही अगदी खोटं नाही, पण ते जुन्या काळचं आहे. पूर्वीच्या हार्डडिस्कमध्ये तबकडी गरगर फिरायची. ती थांबवणं आणि पुन्हा फिरवणं यात झीज व्हायची. आताच्या एसएसडीत फिरणारं काहीच नाही. रोज रात्री बंद करून सकाळी चालू केल्यानं तिचं काही बिघडत नाही.

आणखी एक गंमत. झाकण मिटलं म्हणजे लॅपटॉप बंद झाला असं नाही, तो सहसा ‘स्लीप’मध्ये जातो. हातातलं काम मेमरीत राहतं, आणि ती जागी ठेवायला थोडी वीज लागत राहते. ‘हायबरनेट’ केलं की तेच काम डिस्कवर लिहून ठेवलं जातं आणि वीज लागत नाही म्हटलं तरी चालेल. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाऊन’ करूनही आतला काही भाग तसाच जपून ठेवला जातो. म्हणून मशीन अडखळायला लागलं की ‘रीस्टार्ट’ करावं. त्यात मात्र सगळं नव्यानं सुरू होतं.

आता विजेचा हिशेब. साधा लॅपटॉप नुसता चालू ठेवला तर वीसेक वॅट धरूया, म्हणजे नऊ वॅटचे दोन एलईडी दिवे. चोवीस तासांत अर्धा युनिट, महिन्याला पंधराच्या आसपास. स्लीपमध्ये ठेवला तर महिन्याला एक युनिटही लागत नाही. पैशात मोजलं तर ही रक्कम फार मोठी नाही, हे मान्य. पण आमच्या घरात विजेचा हिशेब नुसता पैशात होत नाही.

आजीचं माहेर सुप्याचं. सुपा हे तालुक्याचं गाव होतं, तालुक्याचं नावही तेच. डिग्गीजवळ उगम पावणारी काळी नदी गणेशगुडीला अडवली. 101 मीटर उंचीचं धरण 1987 साली पुरं झालं. सुपा पाण्याखाली गेलं, पुष्कळ कुटुंबं रामनगरला येऊन वसली आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला हललं. धरणाच्या पायथ्याशी 50 मेगावॅटची दोन यंत्रं आहेत, आणि तेच पाणी पुढे नागझरीलाही वीज करतं. तरी धरणानंतर कितीतरी वर्षं जोयड्याच्या जंगलातल्या वाड्या रॉकेलच्या चिमणीवरच होत्या. तारा डोक्यावरून पुढे जायच्या.

मी एकदा कागदावर मांडून पाहिलं. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर उंचीवरून पडलं, आणि काहीच वाया गेलं नाही असं धरलं, तरी त्यातून पाव युनिटपेक्षा किंचित जास्त वीज मिळते. म्हणजे कुणीही समोर नसताना दिवसभर चालू राहिलेला एक लॅपटॉप जवळजवळ दोन हजार लिटर पाणी तेवढ्या उंचीवरून खाली आणतो. आजीला हे सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “कोणी नाही त्या खोलीत दिवा कशाला गं?”

आजी कंजूष नाही. तिन्हीसांजेला समई लावते, निजायच्या आधी शांत करते. मी विचारलं, मग देवळातला नंदादीप? ती म्हणाली, “तिथं तेल घालायला माणूस असतो.” मला ते पटलं. जी यंत्रं खरोखर अखंड चालावी लागतात, म्हणजे इस्पितळातली किंवा मोठाल्या सर्व्हरची, त्यांच्यासाठी थंडावा, पर्यायी वीज आणि लक्ष ठेवणारी माणसं असतात. खाटेवर उशीला टेकून ठेवलेल्या माझ्या लॅपटॉपचा पंखा चादरीनं गुदमरत असतो, आणि लक्ष ठेवायला कोणी नसतं.

एका बाबतीत मात्र चालू ठेवणाऱ्यांचं खरं आहे. आमच्याकडच्या पावसात भिंतींना, चपलांना, पुस्तकांना बुरशी येते. महिनोन्महिने मिटून ठेवलेल्या यंत्रात दमट हवा शिरते. रोज तासदोन तास चालवलं की आतली ऊब तेवढा ओलावा घालवते. पण त्यासाठी तासदोन तास पुरेत, चोवीस नकोत.

बॅटरी शेवटी बदलली. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता आला त्यातूनच. आता मी असं करते: एरवी ऐंशी टक्के, मधल्या सुट्टीत स्लीप, रात्री बंद, आठवड्यातून एकदा रीस्टार्ट. वीज कडाडायला लागली की प्लग भिंतीतून काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. आणि गावी असताना आभाळ भरून आलं की शंभर टक्के. गेल्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस लागला त्या दुपारी तेवढं करून ठेवलं होतं. लाईट दुसऱ्या दिवशी रात्री आली. तोवर माझा प्रकल्प लिहून झाला होता, शेजारच्या मुलाच्या मोबाईललाही थोडं चार्जिंग दिलं होतं, आणि बॅटरीत अकरा टक्के शिल्लक होते.