पुएब्लाची पहाट, आपली संध्याकाळ

आपली लेक इंग्रजी शिकवण्यासाठी मेक्सिकोतील पुएब्लाला निघाली असेल, तर त्या शहराची थोडी ओळख करून घ्यावी. १५३१ साली वसलेले हे शहर पोपोकातेपेत्ल ज्वालामुखीच्या सान्निध्यात, सुमारे २,१०० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेमुळे प्रारंभी धाप लागते, डोके जड होते. म्हणून पहिले काही दिवस दगदग टाळावी. पाणी भरपूर प्यावे, मात्र नळाचे नव्हे. वीस लिटरचे पाण्याचे जार तेथे विकत मिळतात.

पगार पेसोंत आणि बेताचाच. दुपारी साध्या खाणावळीत सूप, भात आणि एखादा मुख्य पदार्थ स्वस्तात मिळतो. मक्याची तोर्तिया व घेवड्याची उसळ तिला घरच्या भाकरीची आठवण करून देतील. पर्यटक म्हणून जाऊन नोकरी करता येत नाही; कामाचा परवाना हवाच.

परतीच्या तिकिटाएवढी रक्कम मात्र तिने वेगळी राखावी. आपली प्रकृती बिघडल्यास तिला कोणापुढे हात पसरावा लागू नये.

तिकडे सकाळचे सहा वाजतात, तेव्हा आपल्याकडे सायंकाळचे साडेपाच. तीच फोनची वेळ ठरवावी. आपण संध्याकाळची गोळी घेतल्याचे तिला रोज कळले, की तिच्या जिवाचा घोर निम्मा होईल, आणि आपलाही.